मस्करी की छळ, ओळखायचं कसं?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. वर्गातली तीन-चार मुलं त्याला चिडवायच्या नावानं हाक मारतात, त्याचा डबा लपवतात. विचारलं की तो म्हणतो, "मस्करी करतात गं." बाई म्हणतात, मुलं आहेत, चालायचंच. त्याचे बाबा म्हणतात, तूही एक ठेवून दे. पण हल्ली रविवारी संध्याकाळी त्याचं पोट दुखतं. ही खरंच मस्करी आहे का?
– एक आई, सातारा

उत्तर : रविवारच्या पोटदुखीकडे तुमचं लक्ष गेलं हे फार बरं झालं. डॉक्टरांना एकदा दाखवाच, पण 'नाटक करतोस' असं म्हणू नका. भीतीनंही पोट खरोखर दुखतं.

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी या विषयात आयुष्य घातलं. त्यांनी छळाच्या खुणा सांगितल्या त्या अशा : मुद्दाम दुखावणं, ते पुन्हा पुन्हा करणं, आणि दोन बाजूंचं बळ असमान असणं. बळ म्हणजे फक्त अंगातली ताकद नव्हे. चौघं विरुद्ध एक, हेही बळच. वर्गातली वट हेही बळ. मस्करीत पाळी बदलते, आणि एकानं "बास" म्हटलं की ती थांबते. तुमच्या मुलानं त्या मुलांचा डबा कधी लपवलाय का? नसेल, तर ही मस्करी नाही.

"तुला कोण त्रास देतं?" असं थेट विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. चहाडखोर ठरण्याची भीती असते, आणि आई शाळेत येऊन तमाशा करेल ही त्याहून मोठी. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्ला, रिक्षात शेजारी कोण बसलं, हे सहज विचारा. पेन-पट्टी वारंवार हरवणं, शाळेतल्या स्वच्छतागृहात न जाता घरी येईपर्यंत कळ काढणं, याकडेही लक्ष ठेवा. मुलींमध्ये बरेचदा हात उगारलाच जात नाही. सगळ्यांनी मिळून एकीशी महिनोन्‌महिने कट्टी धरली, तरी तो छळच.

बाबांचा सल्ला मायेपोटी आहे, पण चौघांपुढे एकट्यानं हात उचलला तर मार तोच खाणार, आणि बाईंना दिसणार तो त्याचा फटका. दोघांना समोरासमोर उभं करून "हात मिळवा" म्हणणंही टाळावं. तो भांडण मिटवण्याचा उपाय आहे. इथे भांडण नाहीच. एक बाजू घाबरलेली आहे, आणि बाईंची पाठ वळली की ती पुन्हा एकटी पडते.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती बघणारी मुलं. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी दाखवून दिलं, की छळ दोघांत घडत नाही. कुणी साथ देतं, कुणी हसून चढवतं, कुणी मान फिरवतं, एखादंच मूल आड येतं. त्या हसण्यावर दादागिरी पोसली जाते. 'किवा' हा फिनलंडच्या शाळांतला कार्यक्रम याच निरीक्षणावर उभा आहे. म्हणून बाईंकडे फक्त 'त्या चौघांना शिक्षा करा' असा आग्रह धरू नका. त्याच्याशी बरं वागणारी दोन मुलं त्याच्या बाकावर बसवता येतील का, मधल्या सुट्टीत मैदानावर कोण लक्ष ठेवतं, हे विचारा. बर्गनमध्ये 1983 ते 1985 या काळात 42 शाळांत असेच साधे उपाय केले होते : सुट्टीत देखरेख, वर्गानं मिळून ठरवलेले नियम, आणि छळणाऱ्या मुलाशी व त्याच्या पालकांशी गंभीर बोलणं. छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

त्या मुलांच्या घरी मात्र तुम्ही स्वतः जाऊ नका. मोठ्यांचं भांडण जुंपतं आणि त्याची किंमत पोरगं वर्गात मोजतं. काय, कधी, कुठे घडलं हे वहीत लिहून ठेवा, वर्गशिक्षिकेला लेखी द्या आणि पुन्हा कधी भेटायचं ती तारीख घेऊनच उठा. तरी काही हललं नाही, तर मुख्याध्यापकांकडे जा. 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं, म्हणून तो नंबर त्याला पाठ असू द्या.