कल्याणात राहतो, मग खासदार भिवंडीचा कसा?

प्रश्न : आम्ही कल्याण पश्चिमेला खडकपाड्यात राहतो. लोकसभेला मात्र भिवंडीचा खासदार निवडतो. रुळांपलीकडे पूर्वेला राहणारी बहीण कल्याणचा खासदार निवडते. हा काय प्रकार? – एक वाचक

उत्तर : हा सगळा भागाकाराचा खेळ. महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८, लोकसभेच्या ४८. म्हणजे एका खासदाराच्या हद्दीत सहा आमदार. विधानसभेचा मतदारसंघ फोडून दोन खासदारांत वाटता येत नाही, अख्खाच द्यावा लागतो. २००८ साली न्या. कुलदीप सिंग आयोगाने केलेली मतदारसंघांची फेररचना लागू झाली तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं आणि जिल्ह्यात २४ आमदार. त्यांचे चार खासदार झाले : पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे.

भिवंडीचे पूर्व, पश्चिम, ग्रामीण हे तीन, शिवाय शहापूर आणि मुरबाड, असे पाचच भरतात. सहावा म्हणून कल्याण पश्चिम जोडलं गेलं. सलगतेची अट होतीच, पण दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोनगाव, म्हणजे भिवंडी तालुका, तेव्हा कागदावर सगळं चोख. फक्त दुर्गाडी किल्ला, सुभेदार वाडा आणि शंकरराव चौकातलं खुद्द कल्याणच्या महापालिकेचं मुख्यालय लोकसभेपुरतं भिवंडीकर झालं! मुंब्रा-कळव्याची गत उलटी. घरपट्टी ठाणे महापालिकेत भरायची, खासदार कल्याणचा निवडायचा.

२० मे २०२४ च्या लोकसभा मतदानात तर तुम्हा दोघांपुढची चिन्हंही वेगळी होती. तुमच्या बहिणीपुढे एकाच शिवसेनेची दोन शकलं होती : श्रीकांत शिंदे यांचा धनुष्यबाण आणि वैशाली दरेकर यांची मशाल. तुमच्या यंत्रावर यांतलं एकही चिन्ह नव्हतं. तिथे कपिल पाटलांचं कमळ, सुरेश म्हात्रे यांचा तुतारी वाजवणारा माणूस आणि अपक्ष नीलेश सांबरे. बहिणीकडे शिंदे जिंकले, तुमच्याकडे म्हात्रे. एकाच शहराचा एक खासदार सत्तेत, दुसरा विरोधात.

मला विचाराल तर नाव 'भिवंडी-कल्याण' ठेवलं असतं तरी निम्मा गोंधळ टळला असता. पुढची फेररचना होईपर्यंत हद्द हीच. खासदाराचा वर्षाचा पाच कोटींचा निधीही मतदारसंघ पाहूनच खर्च होतो, तेव्हा खडकपाड्यासाठी काही मागायचं तर अर्ज भिवंडीच्या खासदाराकडेच करा.