घरच्या सागरी टाकीतील नायट्रेट आणि फॉस्फेट

सोलापूर

चि. भाच्यास,

प्रवाळाच्या टाकीत पोषकद्रव्ये म्हणजे मुख्यतः दोन: नायट्रेट आणि फॉस्फेट. माशांना घातलेले खाद्य, त्यांची विष्ठा आणि तळाशी कुजणारे उरलेसुरले यांतून ती पाण्यात उतरतात. खऱ्या प्रवाळभित्तीवर समुद्राचे पाणी अखंड बदलत असते. त्यामुळे तेथे नायट्रेट बहुधा लिटरमागे पाव मिलिग्रॅमच्याही खाली राहते, आणि फॉस्फेट तर त्याहून कितीतरी कमी. २०० लिटरच्या काचेच्या टाकीत मात्र जे पडले ते आतच राहते. टाकी सांभाळायची म्हणजे आत किती गेले आणि बाहेर किती निघाले, याचा हिशेब सांभाळायचा.

हा हिशेब बिघडला की काय होते, ते सोलापूरकरांना उजनी धरणात दिसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे भीमेत आणि भीमेतून या जलाशयात येते. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसते आणि पाणी हिरवे पडते. सोलापूर शहरातल्या कंबर तलावातली जलपर्णी काढली तरी पुन्हा पसरते, कारण तिचे खाद्य पाण्यात येतच राहते. टाकीची काच खरवडून शेवाळ काढणारा आणि खाद्य मात्र पूर्वीइतकेच घालणारा याच फेऱ्यात अडकतो.

टाकीत आधी अमोनिया तयार होतो. दगडाच्या छिद्रांत वाढणारे जीवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जीवाणूंची ही वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय पहिला मासा सोडू नये. दगडाच्या गाभ्यात, जिथे प्राणवायू फारसा पोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फेटला अशी वाट नाही. ते चुनखडीच्या दगडाला चिकटून बसते आणि पाण्यातले प्रमाण घटले की पुन्हा सुटू लागते.

म्हणून दगड निवडताना जपावे. समुद्रातून उचललेला प्रवाळाचा दगड स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. त्यात साठलेले फॉस्फेट महिनोन्‌महिने पाझरत राहते. शिवाय २००१ साली सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले आहेत. मालवणच्या समुद्रातला किंवा आंग्रिया बँक या समुद्राखालच्या पठारावरचा प्रवाळ जिथे आहे तिथेच राहिला पाहिजे. टाकीला कारखान्यात बनवलेला कोरडा, सच्छिद्र दगड पुरतो. जिवंत प्रवाळ आणण्यापूर्वी त्या जातीविषयी वन विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा. तो मिळेपर्यंत मासे आणि कोळंबी यांचीच टाकी ठेवावी. पोषकद्रव्यांचे गणित तिलाही हेच लागू आहे.

घरच्या टाकीत नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असावे. याहून फार वाढले तर केसाळ शेवाळ माजते, प्रवाळ तपकिरी पडतो आणि जादा फॉस्फेटमुळे त्याचा चुन्याचा सांगाडा नीट बांधला जात नाही. पण शून्य हेही चांगले लक्षण नाही. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही थोडे नायट्रेट-फॉस्फेट लागते. ते मिळाले नाही की प्रवाळ फिका पडतो, आणि दगडावर डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर चढतो. हा थर साध्या शेवाळापेक्षा जास्त चिवट असतो.

मोजमाप आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी करावे व वहीत टिपावे. एका आकड्यापेक्षा चार आठवड्यांचा कल जास्त सांगतो. टेस्ट किटवरची सूचना नीट वाचावी. काही किट नायट्रेट दाखवतात, काही नुसता त्यातला नायट्रोजन; दुसऱ्या आकड्याला ४.४ ने गुणले की नायट्रेट मिळते. टाकी शेवाळाने भरलेली असून किट शून्य दाखवत असेल, तर पोषकद्रव्ये नाहीत असे समजू नये; ती शेवाळाने शोषून घेतलेली असतात.

आवक मुख्यतः खाद्याची. कोरड्या खाद्यात एक टक्का फॉस्फरस धरला, तर एका ग्रॅममधून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट येते. २०० लिटरच्या टाकीत ते सगळे विरघळले तर लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम होते, म्हणजे एकाच ग्रॅमने मर्यादा ओलांडली जाते. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच घालावे. गोठवलेली कोळंबी गाळणीत घेऊन धुवावी आणि तिचे गढूळ पाणी टाकीत ओतू नये. माशांची संख्याही टाकी पेलेल तेवढीच ठेवावी.

दुसरी आवक पाण्याची, आणि सोलापुरात ती विसरून चालत नाही. येथे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि कोरड्या हवेत टाकीचे पाणी भराभर उडते. पाणी उडते, पण त्यातले मीठ आणि नायट्रेट मागेच राहते. समजा, रोज ३ लिटर पाणी उडाले आणि ते लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या बोअरच्या पाण्याने भरून काढले. २०० लिटरच्या टाकीत महिन्याला लिटरमागे ४.५ मिलिग्रॅमची भर पडली. म्हणून भरीला आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार काढणाऱ्या) रेझिनमधून काढलेले, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच घ्यावे. पिण्याच्या घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते; ते पाणी तसेच वापरू नये.

जावक करण्याचा पहिला मार्ग म्हणजे पाणी बदलणे. लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या टाकीतले २० टक्के पाणी बदलले तर ते ३२ वर येते, त्याखाली नाही. आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅमची भर पडत असेल आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले जात असेल, तर आकडा चढत चढत ५० च्या आसपास स्थिरावतो. आवक कमी न करता नुसते पाणी बदलणे का पुरत नाही, ते यातून कळते.

दुसरा मार्ग प्रोटीन स्किमरचा. बारीक बुडबुड्यांना चिकटलेला सेंद्रिय मळ फेसाबरोबर वरच्या कपात जमतो आणि कुजण्याआधीच बाहेर पडतो. कपाची मान दर दोन-तीन दिवसांनी पुसावी. तिथे मेणचट थर धरला की फेस चढत नाही. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, कीटोमॉर्फा हे शैवाल रात्री लावलेल्या दिव्याखाली वाढवून दर पंधरवड्याला थोडे काढून टाकले, तर त्याने शोषलेले नायट्रेट-फॉस्फेटही त्याबरोबर जाते. फॉस्फेट एकटेच चढले असेल तर लोहाच्या ऑक्साइडचे दाणे वापरावेत, पण सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करून. व्हिनेगर घालून पोषकद्रव्ये शोषणारे जीवाणू वाढवण्याची पद्धत नवख्याने लांबच ठेवावी. मात्रा चुकली तर पाणी दुधाळ होते आणि जीवाणू प्राणवायू खाऊन टाकतात. उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात वीज गेली तर मासे तासाभरातही गुदमरू शकतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरी असलाच पाहिजे.

आकडा वाढलेला दिसला तर क्रम असा ठेवावा: आधी किट तपासून पुन्हा मोजावे, मग खाद्य कमी करावे, मग भरीच्या पाण्याचा टीडीएस पाहावा, मग स्किमर साफ करावा. यानंतरही फरक पडला नाही तरच रसायन हाती घ्यावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला दोन आठवडे द्यावेत. नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. चढलेला आकडा महिन्याभरात उतरला तरी चालतो. तो एका रात्रीत उतरवला तर प्रवाळाला धक्का बसतो, आणि असा धक्का बसलेला प्रवाळ सावरेलच असे नाही.

कळावे,
तुझा मामा