डोंगरात दर्या कसा? चुका सुधारत नेण्याचा एक पाठ



गेल्या वर्षी चौथीच्या चाचणीची प्रश्नपत्रिका मी मोबाइलवर टाइप केली. त्यात आपल्या गर्भगिरीच्या डोंगरांवर एक प्रश्न होता. पेपर सुरू असताना एका मुलीने विचारलं, "बाई, डोंगरात दर्या कसा?" बघते तर 'डोंगरदऱ्या'च्या जागी 'डोंगरदर्या' छापलेलं. दर्या म्हणजे समुद्र! वर्ग हसला, मीही हसले. पण तीच फाइल मी केंद्रातल्या इतर शाळांनाही पाठवली होती. माझ्याकडे चूक दुरुस्त झाली, बाकीच्या प्रतींत तशीच राहिली. यंदा तीच प्रश्नपत्रिका ग्रुपवर फिरत फिरत माझ्याकडेच परत आली!

चूक माझीच होती. युनिकोडमध्ये 'र' आणि 'ऱ' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. 'र'ला हलन्त देऊन 'य' जोडला की रफार येतो, 'ऱ' वापरला की 'ऱ्या' मिळतो. पण हे जोडाक्षर पडद्यावर नीट दिसावं यासाठी फॉन्टच्या आत नियम लिहिलेले असतात. म्हणजे फॉन्ट हेही एक सॉफ्टवेअरच.

'लोहित' हा असाच एक फॉन्टसंच. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये तो मुक्त परवान्याखाली खुला केला. लोहित म्हणजे लाल. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची आतली रचना कुणालाही पाहता येते, चूक कळवता येते आणि दुरुस्तीही सुचवता येते.

सुरुवातीला हिंदी, कोकणी, मैथिली अशा भाषांसाठी लोहितचे वेगवेगळे फॉन्ट होते. लिपी एकच, बरेचसे नियमही तेच, पण फाइली वेगळ्या. म्हणजे एक चूक सापडली की ती प्रत्येक फाइलमध्ये जाऊन सुधारायची. माझ्या प्रश्नपत्रिकेसारखीच गत! पुढे यांतले बरेचसे एकत्र करून 'लोहित देवनागरी' हा एकच फॉन्ट झाला. मराठीतल्या 'ल' आणि 'श'चं वळण वेगळं, त्याचीही सोय ठेवली गेली. त्यानंतर 'लोहित-२' या कामात जोडाक्षरांचे नियम नव्याने, नीट मांडून आणि साध्या मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिले गेले. वाचणाऱ्याला वरून फारसा फरक दिसला नाही. पण दुरुस्ती करायला बसणाऱ्या पुढच्या माणसाचं काम सोपं झालं.

चांगल्या कोडची ओळख हीच. त्यात चुका असतातच, पण त्या सापडतात, एकाच जागी सुधारता येतात, आणि सुधारताना दुसरं काही बिघडलं तर लगेच कळतं.

मी वर्गात आता तीन गोष्टी करते.

१. वहीचं पान फाडायचं नाही. चुकलेला शब्द शेवटच्या पानावर तारीख घालून लिहायचा.
२. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक सुधारायची. उदाहरणार्थ, फक्त रफार आणि 'ऱ्या'.
३. शेजारच्याने वही तपासायची आणि गेल्या आठवड्यातले शब्दही पुन्हा विचारायचे.

आपल्या पाथर्डी तालुक्यातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुलं चार-सहा महिन्यांनी परत येतात, तेव्हा वही अर्धी कोरी असते. अशा मुलाला "सगळं पहिल्यापासून लिही" म्हटलं की ते खचतं आणि शाळा टाळू लागतं. त्याऐवजी "या आठवड्यात एवढंच" म्हटलं की बसतं. शेवटच्या पानावरची यादी हळूहळू खोडली जाते, आणि ती खोडलेली त्यालाच दिसते.

पालकांनो, घरी वही पाहताना लाल खुणा मोजू नका. मागच्या महिन्यातली कोणती चूक आता होत नाही, एवढं मुलाला विचारा.

आणि हो, ती 'डोंगरदर्या'ची प्रश्नपत्रिका तुमच्याकडे असेल तर तेवढं दुरुस्त करून घ्या. या वर्षी मी प्रती वाटल्या नाहीत, एकाच फाइलची लिंक दिली आहे. चूक दिसली की त्यातच लिहा.