पाटाचं पाणी आणि शाळेचं नेट : वाटणी न्यायाने कशी करायची?



शाळेत नेटचं कनेक्शन एकच. त्यावरच मुलांचे टॅब, ऑफिसचा संगणक आणि आपले मोबाइल. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख असते आणि फॉर्म काही सबमिट होत नाही, कारण कुणाच्या तरी मोबाइलवरून स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ अपलोड होत असतो. आपण लगेच म्हणतो, "नेट स्लो आहे, प्लॅन वाढवा." पण पुष्कळदा प्रश्न वेगाचा नसतो, वाटणीचा असतो.

आपल्याकडची फड पद्धत

वाटणी म्हटलं की आपल्या खान्देशात लांब जायला नको. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखाली फड. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे शेतकरी मिळून ठरवतात. पाणी मात्र ज्याने त्याने घ्यायचं नाही, पाटकरी पाळीप्रमाणे देतो. पाटाच्या तोंडाशी शेत आहे म्हणून कुणी जास्त पाणी ओढून घ्यायचं नाही.

आता बघा, बंधारा म्हणजे आपलं कनेक्शन, पाट म्हणजे लाइन आणि पाटकरी म्हणजे राउटर. अडचण एवढीच, की साधा राउटर बहुधा पाळी लावत नाही. जो आधी आला त्याला आधी सोडतो.

गर्दी कशी होते?

नेटवरची माहिती छोट्या-छोट्या पाकिटांतून जाते. समजा अपलोडचा वेग २ एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट. व्हिडिओची १ मेगाबाइट पाकिटं राउटरच्या रांगेत साचली. १ बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून ही झाली ८ मेगाबिट. ती जायला ४ सेकंद लागणार. फॉर्मचं पाकीट कितीही लहान असो, तेही ४ सेकंद थांबणार. पुढच्या पाकिटाचंही तेच.

हा प्रश्न जुना आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले इथल्या दोन जवळच्या संस्थांमधला वेग गर्दीमुळे सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : गर्दी दिसली की संगणकाने आपणहून वेग कमी करायचा.

वर्गात करून पाहा

एका मुलाला 'व्हिडिओ'च्या १० चिठ्ठ्या द्या. चार मुलांना 'फॉर्म'ची एकेक चिठ्ठी द्या.

पहिला डाव : व्हिडिओवाला पुढे, बाकीचे मागे. दारातून एका वेळी एकच चिठ्ठी बाहेर जाईल. फॉर्मवाल्यांचा नंबर ११ ते १४.

दुसरा डाव : प्रत्येकाची एक चिठ्ठी, पाळीपाळीने. आता फॉर्मवाले २ ते ५ नंबरवर मोकळे! व्हिडिओ १० ऐवजी १४ व्या नंबरवर संपला.

एकूण चिठ्ठ्या तेवढ्याच, दारही तेवढंच. एकाला थोडं थांबावं लागलं, चौघांचं काम झालं.

राउटरमध्ये काय करायचं?

१. सेटिंगमध्ये 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' असा पर्याय आहे का ते बघा. पाळीने वाटण्याची सोय असेल तर ती सुरू करा.

२. मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवा. २ असेल तर १.८. म्हणजे रांग आपल्याच राउटरपाशी राहते आणि पाळी लावता येते.

३. प्रत्येकाला कायमचा ठरावीक तुकडा देऊ नका. दुपारी टॅब बंद असतील तर त्यांचा वाटा वाया जातो. ज्याला गरज नाही त्याचा वाटा दुसऱ्याला मिळाला पाहिजे.

४. मोठे अपडेट आणि अपलोड शाळा सुटल्यावर लावा.

न्याय म्हणजे काय?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला, की कंपन्यांनी मजकूर पाहून डेटाचे दर वेगवेगळे ठेवायचे नाहीत. शाळेतही तोच विचार उपयोगी पडतो. 'हे साहेबांचं, ते पोरांचं' म्हणून पाळी ठरवू नका, काम किती निकडीचं आहे ते बघा. आणि नियम सगळ्यांनी मिळून ठरवा, फडावर ठरतात तसे.

स्वाध्याय

१. अपलोडचा वेग ४ एमबीपीएस असेल, तर १ मेगाबाइटची रांग किती सेकंदांत संपेल?

२. वेग दुप्पट केला पण पाळी लावली नाही, तर दहा व्हिडिओ एकदम सुरू झाल्यावर फॉर्मचं काय होईल?

३. घरातल्या मोठ्यांना विचारा : आपल्या गावात पाण्याची पाळी कशी ठरत होती?