गाळ्यातले तात्या

अकलोली, गुरुवार

चि. बाळूस,


वज्रेश्वरीच्या नाक्यावर तुमच्या गाळ्यातला एक लोडर भेटला. त्याने सांगितलं ते खोटं असावं असं मनापासून वाटतं. नवी सिस्टीम आली, हातात स्कॅनर आले आणि तू अख्ख्या टोळीसमोर गाळ्यातल्या जुन्या तात्यांना म्हणालास, "जमत नसेल तर घरी बसा." बाळू, हे तू बोललास? वयाने तुझ्या बाबांएवढ्या माणसाला?

ताईच्या कानावर मी अजून घातलेलं नाही. घरी बसलेला माणूस म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. शेठने साधे लूम भंगारात काढले तेव्हा बाबा दिवसभर ओटीवर बसायचे आणि शिफ्टची वेळ झाली की पायांत चपला घालून परत काढायचे. तू नववीत होतास. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, आठवतं ना?

सिस्टीम नको असं माझं म्हणणं नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला, राज्याराज्यात गोदाम ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली आणि आपल्या भिवंडी-पडघ्याकडे मोठमोठे गाळे उभे राहिले. एवढा माल वहीत मावायचा नाही, हे मलाही कळतं. पण कुठला माल कुठे लावायचा हे ठरवताना तात्यांना एकदा तरी विचारलंस का?

त्या लोडरकडून कळलं ते असं. मागच्या भिंतीकडचा पत्रा गळतो. रात्री पाणी यायला लागलं तसा तात्यांनी तिथला माल पुढे घेतला. दर पावसाळ्यात घेतात. स्कॅन करायचा राहिला. सकाळी स्क्रीनवर माल जुन्या लोकेशनला, जागेवर काही नाही, ऑर्डर अडकली आणि तू तापलास. एकही खोकं भिजलं नाही, हे त्या गडबडीत कुणी बोललं नाही. आता पुढच्या वेळी पाणी आलं तर तात्या माल हलवणार नाहीत. स्क्रीन बरोबर असेल आणि माल भिजलेला असेल.

यातून टोळीतली पोरं काय शिकली, याचाही विचार कर. फुटलेलं खोकं दिसलं तरी बोलायचं नाही. मोजणी कमी भरली तर एकच बारकोड दोनदा मारून आकडा जुळवायचा. चूक सांगणाऱ्याला बोलणी बसली की असंच होतं, आणि मग तुझ्या लाखांच्या सिस्टीमवर तुझाच विश्वास राहणार नाही.

आमच्या बँकेतही अशीच नवी सिस्टीम आली होती. बँकांत कॉम्प्युटर आणण्याबाबतचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. कॉम्प्युटरबाबत संघटनांशी करार झाले ते १९८३, १९८७ आणि १९९३ असे टप्प्याटप्प्याने. एवढी घासाघीस झाली म्हणून तर माणसं तयार झाली. आमच्या शाखेत कित्येक महिने लेजर हातानेही लिहिलं जायचं आणि मशीनवरही, आणि रोज संध्याकाळी दोन्हींची जुळवणी. मशीनवर बसणाऱ्याला भत्ता होता. तो मला मिळाला, कारण मी तरुण होतो. आमचे जुने लेजरकीपर नुसती सही बघून खातेदाराचं नाव सांगायचे, त्यांच्याजवळ मात्र कुणी बसलं नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली, देशभरातून लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यांत तेही गेले. रोज अर्धा तास मला त्यांच्याजवळ बसता आलं असतं, हे अजून मनात येतं. जेवणाच्या सुट्टीत मी कॅरम खेळत होतो रे.

म्हणून सांगतो. तात्यांच्या जोडीला एक चुणचुणीत पोरगा दे. जागा तात्या सांगतील, स्कॅन पोरगा मारेल, हळूहळू तेही मारतील. दिवाळीपर्यंत वही बंद करू नकोस. स्क्रीनवर सगळं इंग्रजीत येतं म्हणे, निदान मराठी-हिंदीत एक तक्ता छापून भिंतीला लाव. माथाडी टोळीच्या मुकादमालाही बोलावून घे. माथाडींनी १९६९ चा कायदा झगडून मिळवलाय, अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभं राहून. वरून आलेली नवी गोष्ट ती माणसं विचारल्याशिवाय मानणार नाहीत, आणि का मानावी? पण हे सगळं नंतर. आधी तात्यांशी बोल. आणि जे टोळीसमोर बोललास ते टोळीसमोरच मागे घे.

फार बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. वरचे साहेब रात्री अकराला आकडे मागतात, तू उभ्या उभ्या जेवतोस, हे ताईने सांगितलंय. सगळा गाळा एकट्याच्या डोक्यावर घेतल्यावर तोंडून असं जातं. तू मुळात असा नाहीस. पहिल्या पगारातून बाबांना चपला आणणारा पोरगा आहेस तू. आम्हाला तुझा अभिमान आहे, हे तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो.

पाऊस ओसरला की एखाद्या रविवारी ये. तानसा नदीचं पाणी उतरलं की गरम पाण्याची कुंडं मोकळी होतील, पाठ शेकून निघेल. मामी तांदळाच्या भाकऱ्या करील. जमलं तर तात्यांनाही गाडीवर बसवून घेऊन ये. आणि त्यांच्याशी बोललास की त्याच दिवशी मला फोन कर, कितीही रात्र झाली तरी चालेल.

तुझा,
मामा