एका शिवाराची कीड, एका शिवाराची समिती

वळवाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेला बाभळी-कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात. एक सभासद फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकतो. शेजारी म्हणतो, "बघू उद्या." मग शेजाऱ्याच्या बाभळीवरचे भुंगेरे पहिल्याच्याच उसात अंडी घालतात. यावर इलाज काय, असे सभासद बंधू आम्हाला विचारतात. म्हणून अमेरिकेतल्या संत्रा-लिंबू बागायतदारांची हकिगत येथे देत आहोत.

त्यांची कीड म्हणजे सायला. आपल्या संत्रा-मोसंबीवरही ती असते. आकाराने बारीक, पण तिच्यामुळे ग्रीनिंग रोग पसरतो आणि रोगट झाड पुन्हा बरे होत नाही. कॅलिफोर्नियात ती २००८ साली सापडली. तिथे १९३९ पासून असा कायदा आहे, की बागमालकांनी मागणी केली म्हणजे 'कीड नियंत्रण जिल्हा' स्थापन होतो व खर्चासाठी बागांवर पट्टी बसते. सायला आल्यावर २००९ साली राज्यासाठी एक समिती नेमली गेली. तिच्यात बहुसंख्य सभासद स्वतः बागायतदार. पैसा ४० पौंडी पेटीमागे कापून घेतात. आपल्या टनामागच्या कपातीसारखेच म्हणा ना!

पण खरे काम होते ते शिवारात. शेजारशेजारच्या बागांचे गट पाडले आणि गटातल्या सर्वांनी दोन-तीन आठवड्यांच्या आत फवारायचे असे ठरले. एकाने आज व दुसऱ्याने महिन्याने फवारले तर सायला नुसती इकडून तिकडे उडते. शिवाय ती अंडी फक्त कोवळ्या पालवीवर घालते, म्हणून पालवी फुटण्याआधीच मोठे किडे मारलेले बरे. घरोघरच्या परसातील झाडांचे काय, हा प्रश्न मात्र अवघडच राहिला. राज्यातले पहिले रोगट झाड २०१२ साली लॉस एंजेलिसजवळ एका परसातच निघाले.

फ्लोरिडात सायला १९९८ ला आली, रोग २००५ ला दिसला आणि असे गट २०१० नंतर झाले; तेही ऐच्छिक. २००३-०४ च्या हंगामात तिथे सुमारे २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती. २०२२-२३ मध्ये १ कोटी ६० लाखांच्या आसपास. वादळांनीही नुकसान केले, सगळा दोष उशिराचा नव्हे. पण उशीर झालाच.

आमच्या मते हुमणीसाठी तारीख शेती खात्याने कळवण्यापेक्षा एका शिवारातल्या पाच-सहा सभासदांनी बसून ठरवावी. पडीक रानातल्या बाभळी कोणी झाडायच्या, हेही त्याच बैठकीत ठरावे. कारण मालक असतो मुंबईला आणि भुंगेरे आपल्या बांधावर.