ब्रिक्स बरोबर, तरी सॉस पातळ

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या टोमॅटो सॉसचा ब्रिक्स दर वेळी सारखा असतो, तरी एखादा घाणा पातळ निघतो. असं का?
– एक वाचक, नारायणगाव

उत्तर : ब्रिक्सवरून मुख्यतः विरघळलेली साखर कळते, दाटपणा नव्हे. तो येतो पेक्टिन आणि गरातल्या तंतूंमुळे. चिरडलेला टोमॅटो तसाच पडून राहिला की त्यातलीच विकरं पेक्टिन तोडतात. तेव्हा चिरडल्याबरोबर गर झटपट ९० अंशांपर्यंत तापवा.

कढईत डाव बुडवून दाटपणाचा अंदाज घेणं घरापुरतं ठीक. पण गरम सॉस पातळच दिसतो, म्हणून विक्रीच्या सॉसचा दाटपणा मोजायला हवा. त्यासाठी बॉस्टविक नावाची आखीव पन्हळ मिळते. तिच्यात सॉस भरून झडप उघडल्यावर तो ३० सेकंदांत किती सेंटिमीटर सरकतो, ते मोजा. नमुन्याचं तापमान दर वेळी तेच हवं, नाहीतर आकडा निरुपयोगी. बाटल्या भरण्याआधी प्रत्येक घाणा तपासा.